हलवायाच्या कढयांची झाकणं

मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला सुस्वभाव समजतात. गेली चार वर्षं मात्र माझ्या गप्प बसण्याचं कारण टेबलाच्या खणात, जुन्या पायमोज्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. आता सांगूनच टाकतो.

दर रविवारी सकाळी कलकत्त्यात गोलपार्कजवळ एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आम्ही आठ-नऊ जण जमतो आणि जुन्या फोटोंवरून भांडतो. फोटोही कलकत्त्याचेच. कुणी रद्दीवाल्याकडून आणतं, कुणी पाडायला काढलेल्या घरातून. एखादी गल्ली असते, एखादा कठडा, कोपऱ्यावर थांबलेली ट्राम. ही जागा कुठली, एवढंच ओळखायचं. नियम कडक आहे : तीन खुणा दाखवायच्या, आणि त्या हलणाऱ्या नकोत. माणसं, गाड्या, पाट्या धरत नाहीत. घराचा कोपरा, बाल्कनीचं लोखंड, रस्त्याचं वळण धरतात. मग तिथे जाऊन त्याच ठिकाणी उभं राहून स्वतःचा फोटो काढून आणायचा.

मंडळाचं एक पितळी मुठीचं मोठं भिंग आहे. अवघड फोटो जो ओळखेल त्याच्या घरी ते राहतं, आणि नवा फोटो आला की पहिल्यांदा त्याच्या हातात जातो. ते अकरा वर्षं एकाच माणसाकडे होतं. आम्ही सगळे त्यांना 'जेठू' म्हणतो, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. नकाशे काढण्यात त्यांची सारी नोकरी सरली. चार वर्षांपूर्वी वय अठ्ठ्याहत्तर.

मी पहिल्यांदा गेलो आणि मराठी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप छातीशी धरला होता. "सांभाळा रे, बर्गी आला!" बर्गी म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार, त्यांची भीती घालून इथल्या आया अजून पोरांना झोपवतात. माझा जन्म कलकत्त्यातला, शाळा इथली, माझं बंगाली माझ्या मराठीपेक्षा सरळ. तरी त्या खोलीत मी बर्गीच. त्यात प्रेमच होतं, नाही असं नाही. पण सहा वर्षांत माझी एकही जागा बरोबर निघाली नव्हती, आणि दर वेळी जेठू म्हणायचे, "बर्गीला लुटता येतं. शोधता येत नाही."

मग तो फोटो आला. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या खोक्यातून. अरुंद गल्ली, एका बाजूला वेलबुट्टीच्या लोखंडी कठड्याची बाल्कनी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लोखंडाच्या गोल-गोल चकत्या, आणि मधोमध उघडी छत्री घेऊन हसणारा एक सडपातळ तरुण. सगळ्यांनी भिंगातून बघितलं. माझी पाळी आली आणि मी भिंग त्या तरुणाच्या चेहऱ्यावर नेलं. ते माझे वडील होते.

तोच फोटो आमच्या घरी अल्बमात होता. रेल्वेत नोकरी लागून ते इथल्या गार्डन रीचच्या कचेरीत आले, तेव्हा, लग्नाआधी, त्यांनी तो सांगलीला आपल्या आईला पाठवला होता. आजी गेल्यावर तो परत आमच्याकडे आला. मागे त्यांच्या वळणदार अक्षरात : 'ती. आईस, ही आमची भवानीपूरची गल्ली. हवा उत्तम.'

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, अहो, हे माझे वडील. सगळे उठून नाचले असते. पण वडिलांच्या अक्षरावरून जागा कळली तर ती माझी कमाई कशी? मी तोंड मिटून घेतलं. दोन आठवडे भवानीपूर पायाखाली घातलं, जवळजवळ तसल्याच कठड्याची एक गल्ली मिळवली, आणि रविवारी पुरावा मांडला. कठडा. वळण. तिसरी खूण सापडेना, म्हणून नियम वाकवून छत्री घेतली : छत्री उघडी म्हणजे ऊन डोक्यावर, म्हणजे सावल्या अमुक बाजूला, म्हणजे गल्लीचं तोंड दक्षिणेला. बोलताना माझं मलाच पटत गेलं.

"आणि या चकत्या?" जेठूंनी विचारलं. "ही गटाराची झाकणं आहेत. नुकती ओतलेली. भिंतीवर काजळी बघ. ही ओतकामाच्या कारखान्याची गल्ली आहे, हावड्यातली. मी लहानपणी असल्या गल्लीत गोट्या खेळलोय."

"छे, जेठू," मी म्हणालो. "हलवायाच्या कढयांची झाकणं आहेत ती. काजळी भट्टीची."

खोलीत एक तृप्त उसासा पसरला. गोडाचं नाव काढल्यावर बंगाली माणूस गटाराच्या बाजूने कसा उभा राहणार? घरमालकीण शिक्षिका तर म्हणाल्या, "भवानीपूरला तसा एक हलवाई होताच. त्याचा संदेश, काय ती मिठाई!" निकाल लागला. जेठूंनी भिंग पुसलं, माझ्या हातात दिलं आणि हसून म्हणाले, "डोळे गेले वाटतं माझे."

ते वाक्य त्यांनी गमतीत उच्चारलं, पण पुढे तेच खरं मानलं. फोटो आला की हात जोडून पुढे सरकवायचे. "बर्गीला दाखवा." हळूहळू नुसत्या चहाला यायला लागले, मग महिन्यातून एकदा. माझा मान वाढला. मी आणखी गप्प झालो, त्यालाही लोक विद्वत्ता म्हणाले. खणातलं भिंग मी रविवारीच बाहेर काढायचो.

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या चुलतभावाने घर बदललं आणि काकांचे कागद मला पाठवले. त्यात वडिलांचं पत्र होतं, त्यांच्या थोरल्या भावाला.

'आईला कळवू नकोस. मी हावड्यास ओतकामाच्या कारखान्यासमोर एका खोलीत तिघांबरोबर राहतो. लाँचने नदी ओलांडून कामावर जातो. धूर फार, खोकला बरा आहे. फोटोच्या मागे भवानीपूर लिहिले आहे. कुलदैवताचे नाव वाचून ती निश्चिंत होईल.'

मी ते बायकोला वाचून दाखवलं आणि बाकीचंही, जे चार वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. ती भाजी निवडत होती. पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"म्हणजे कॉपी केलीत, आणि तीही चुकीच्या पेपरवरून?"

"हसू नकोस गं. त्या माणसाचे डोळे मी काढून घेतले."

तिचं हसू थांबलं. "मग इथे काय बसलात? जा ना."

भिंग आणि पत्र घेऊन मी जेठूंच्या घरी गेलो. भिंग त्यांच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्र वाच." मी मराठीत वाचलं, मग बंगालीत अर्थ सांगितला. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. 'ओतकामाच्या कारखान्यासमोर' या शब्दांपाशी त्यांनी तिसऱ्यांदा बोट वर केलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे ऐकत नाहीयेत, चाखतायत.

"माफ करा, जेठू."

"ते नंतर. आधी हावडा."

दोन दिवसांनी बाबूघाटावरून आम्ही लाँच पकडली. जेठूंनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि माझ्या हातात छत्री दिली होती. आभाळ निरभ्र. पलीकडे उतरून रिक्षाने आत गेलो. जेठू 'डावीकडे, आता उजवीकडे' करत होते, जणू गोट्या अजून खिशात आहेत. चौथ्या गल्लीत त्यांनी रिक्षा थांबवली. बाल्कनी तिथे होती. वेलबुट्टीला गंज चढलेला, वर कुणाच्या तरी साड्या वाळत घातलेल्या. वळण तेच. आणि समोर, भिंतीला टेकून, ओळीने, गटाराची झाकणं. जेठूंनी एकावर काठी आपटली. ठण्ण.

"संदेश खाणार?"

मी फोटोतल्या जागेवर छत्री उघडून उभा राहिलो. जेठू मोबाइल धरून मला डावी-उजवीकडे हलवत होते. मग थांबले, खिशातून भिंग काढलं आणि जुना फोटो त्याखाली धरला. बराच वेळ.

"तुझे वडील किती उंच होते?"

"माझ्याएवढेच."

"मग छत्री एवढी तिरकी का? आणि सावली बघ, लांब आहे. सकाळ आहे ही. ऊन डोक्यावर नाहीच." ते माझ्या मागे बोट दाखवत होते. मी वळलो. माझ्या छत्रीच्या नेमक्या मागे, फाटकावर, पाटी अडकवायची लोखंडी चौकट होती. "कारखान्याची पाटी झाकलीय त्याने! आईला दिसू नये म्हणून." जेठू गल्लीत मधोमध उभे राहून हसायला लागले. "बापही बर्गी, पोरगाही बर्गी!"

मीही हसलो. चष्मा काढून पुसावा लागला. वडील थट्टा करणारे होते हे मला कधी माहीतच नव्हतं. मी ओळखत होतो तो वेळेवर जेवणारा, अबोल माणूस. खोकला त्यांना शेवटपर्यंत होता. आम्हाला वाटायचं, सवय आहे.

"रविवारी तू सांगायचं," परतीच्या लाँचवर जेठू म्हणाले. "सगळं. सावल्याबिवल्या न घालता."

सांगितलं. मान खाली घालून, पहिल्यापासून. मग घरमालकीणबाई फार दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तो हलवाई नव्हताच?"

"नव्हता, दीदी."

"चार वर्षं मी त्याची चव आठवतेय!"

मला शिक्षा झाली : वर्षभर चहाचे कप मी धुवायचे. तीन महिने झाले, धुतोय. मोरीतून बाहेरचं सगळं ऐकू येतं. परवा नवा फोटो आला, कुठल्यातरी घाटाच्या पायऱ्या. पहिल्यांदा कुणाच्या हातात गेला ते मला बघावं लागलं नाही. आतूनच ऐकलं, पितळी मूठ टेबलावर आपटल्याचा आवाज, आणि मागोमाग जेठूंचा :

"गाढवांनो, हा घाट नाहीच. बर्गी, हात पूस आणि इकडे ये, तुला शिकवतो."