शेवट ग्वाड केलास

मी घर सोडलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, धारेला बसले होते. मुंबईची गाडी रात्री आठची, तिथून दुसऱ्या दिवशी विमान, आणि संध्याकाळच्या धारेची वेळ सहाची. दारात दादा रिक्षा आणून उभा होता, वहिनी माझ्या हातावर दही घालून डोळे पुसत होती आणि मी बॅग धरून गोठ्यासमोर अंगणात उभी होते. गोठ्यात आबांची पाठ तेवढी दिसत होती, घामानं बंडी चिकटलेली.

"येतो आबा," मी म्हणाले. आम्ही बावड्याच्या पोरी येतो-जातोच म्हणतो, येते-जाते आमच्या तोंडात बसत नाही.

"सरक, पाय सरक," आबा म्हणाले. ते म्हशीला.

मी अजून थोडी थांबले. चरवीतला धारेचा आवाज काही थांबला नाही. मग दादानं हॉर्न दिला आणि मी निघाले. नुसतं 'ये' म्हणाले असते तर काय जात होतं त्या माणसाचं, असं मी साखर कारखाना मागं पडेपर्यंत रडत रडत दादाला विचारत होते. दादा बिचारा काय सांगणार? "धार मधीच सोडली की म्हस पान्हा चोरती," म्हणाला. खरंच आहे ते. पण मला नऊ वर्षं पटलं नाही.

हे मी कसबा बावड्यातल्या तुम्हां सगळ्यांसाठी लिहितेय. आमच्या दूध संस्थेत सकाळी कॅन घेऊन येणाऱ्यांसाठी तर मुद्दाम. आणि माझ्यासारखी जी पोरं-पोरी दूर कुठंतरी जाऊन बसलीत, त्यांनीही वाचावं. माझ्यावर चिडलात तरी चालेल. मी स्वतः चिडखोर आहे, बापावर गेलेली.

चित्रं मी म्हशीवर शिकले. दिवाळी पाडव्याला आपल्याकडं म्हशींचा सगर असतो, म्हशी धुऊन, शिंगं रंगवून वाजतगाजत फिरवायच्या. त्याच्या आधी त्यांना भादरायचं, आणि भादरताना केस मध्येमध्ये राखून अंगावर नक्षी काढायची. हे गड्यांचं काम. मी चौथीत असताना आबांच्या हातातली कात्री ओढून घेतली आणि हरणी म्हशीच्या कुशीवर वाघ काढला. हरणी श्वास घ्यायची तसा वाघ हलायचा. आबांनी त्या वर्षी अख्ख्या गल्लीला हाका मारमारून दाखवला. "आमच्या रूपीनं काढलाय. बघा की! हात लावू नका, चावंल."

आई मी बारावीत असताना गेली. पुढं कोल्हापुरात चित्रकलेचं शिकले आणि तिथंच कुणाच्या तरी हातात जपानी चित्रकथेचं पुस्तक पाहिलं. मांगा म्हणतात त्याला, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली लांबलचक गोष्ट. वेड लागलं मला. पुण्याला जाऊन जपानी शिकले आणि एके दिवशी घरात जाहीर केलं. आबा आधी हसले. "चित्रं काढायला जपान? हितं म्हशी कमी पडल्या व्हय?" संस्थेतल्या माणसांनाही त्यांनी तो विनोद सांगितला. पण उचगावचं स्थळ आलं, आबांनी परस्पर शब्द दिला आणि मी पाहुण्यांसमोर नाही म्हणाले, तेव्हापासून हसणं संपलं. "मला खाली बघाय लावलंस," एवढं एकच वाक्य बोलले. निघेपर्यंतचे दोन महिने आमच्या घरात फक्त म्हशींशी बोलणं चालायचं.

टोकियोत पहिली दोन वर्षं मी कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, डबे रचले. मग एका सेन्सेईंकडं लागले. सेन्सेई म्हणजे गुरुजी म्हणा, पण आमच्या बाई होत्या, साठी ओलांडलेल्या. चाळीस वर्षं दर महिन्याला गोष्टीचा एक तुकडा मासिकाला देत होत्या. माणसांचे चेहरे त्या काढायच्या, बाकीचं सगळं आम्ही हाताखालच्यांनी काढायचं. पहिलं वर्ष मी फक्त पेन्सिलीच्या रेघा खोडल्या आणि केस काळे भरले. पुढं घरं, जिने, विजेचे खांब. टोकियोतले खांब मी इतके काढलेत की आमच्या वीज बोर्डातल्या वायरमनलाही तेवढे माहीत नसतील.

तिथलं पुस्तक उजवीकडून उघडतं. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं, आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडं जातात. मला हे माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. पहिल्यांदा एक लहानशी गोष्ट काढून सेन्सेईंना दाखवली, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि फार नम्रपणे म्हणाल्या, "तुझ्या गोष्टीत म्हातारा आधी मरतो आणि मग आजारी पडतो." सगळे खो खो हसले. वर्षभर मी हाताला वळण लावत होते. मग ते इतकं अंगात मुरलं की सुट्टीत बावड्याला आले तर दिवाळी अंकसुद्धा उलटा उघडायचे. नऊ वर्षांत दोनदाच आले मी, दहा-दहा दिवस. आबा वैरणीचं बोलायचे, मी विमानाचं बोलायचे. त्या संध्याकाळचं कुणीच बोललं नाही.

एकदा रद्दी कागदावर मी सहज म्हशीचा डोळा काढला. सेन्सेईंनी तो उचलला. म्हणाल्या, "या जनावराला तू ओळखतेस. खांबांना ओळखत नाहीस. तुझी गोष्ट काढ." मग मी माझी गोष्ट काढली. एका मासिकात वर्षभर आली आणि तिचं एक पुस्तक झालं. फार खपलं वगैरे नाही, पण माझ्या नावाचं झालं. सुरुवातीला बारकी पोर बापाबरोबर म्हैस भादरतेय. मग ती वाढते, घरात पाहुणे येतात, बाप ओरडतो. शेवटी ती बॅग घेऊन अंगणात उभी राहते, बाप पाठमोरा धार काढतोय. मग रस्त्यावर तिची पावलं, आणि शेवटच्या पानावर नुसता मोकळा रस्ता, त्यावर कुणीच नाही. ते पान मी अकरा वेळा काढलं. शिमेकिरी, म्हणजे पान द्यायची शेवटची तारीख, टळून गेली होती, संपादक दारात उभा होता आणि मी हुंदके देत रस्ता काढत होते.

पुस्तक घरी पाठवलं. घरात कुणाला जपानी येत नाही, पण गोष्टीत शब्द थोडेच होते, चित्रं बघून कळावी अशीच होती. आबांना एकदाचं कळू दे मला काय झालं ते, असा माझा हिशेब होता. रविवारी फोन लावला. आबांनी स्वतः उचलला, आणि आवाज इतका खुशीत की मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

"शिंगं झ्याक काढल्यास," म्हणाले. "पर ती मागली म्हस गाभण हाय का भाकड, काय कळंना. कास नीट दावायची. आन शेवट ग्वाड केलास, पोरी. लई ग्वाड."

माझं डोकंच फिरलं. त्या मोकळ्या रस्त्यासाठी मी रडून रडून अर्धी झाले होते, आणि ह्यांना तो गोड?

"ग्वाड?" मी म्हणाले. "मी घरातनं गेलो ते ग्वाड वाटलं तुम्हाला? म्हंजी एकदाची ब्याद टळली म्हणून त्या दिवशी मागं वळून बघितलं न्हाईसा व्हय?"

"आगं, काय बोलतीस? मी कुठं..." एवढंच आलं तिकडून. मी फोन कापला.

त्यानंतर पाच महिने मी दादालाच फोन करायचे. एकदा मागून आबांचा आवाज आला, "दे की जरा तिला." मी म्हणाले, सेन्सेई बोलावताहेत, नंतर करते. सेन्सेई त्या दिवशी गावात नव्हत्या.

ते 'नंतर' कधी आलंच नाही. एके दिवशी सकाळची धार काढून आबा घरात आले, छातीत कळ आली म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी आले ती तिसऱ्या दिवशी दुपारी, तोवर रक्षाविसर्जन होऊन माणसं पंचगंगेवरून घरी परतली होती. मला राख पण दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझं पुस्तक घेऊन आली. कोपरे मळून काळे पडलेले. शेवटची पानं सगळ्यात जास्त मळलेली आणि पहिली त्यामानानं स्वच्छ. माझी नजर तिथंच अडकली.

"सांगू का नको असं झालंय, वन्सं," वहिनी म्हणाली. "आबा पुस्तक आपल्यागत उघडायचं."

आपल्यागत, म्हणजे डावीकडून. माझ्या शेवटच्या पानापासून.  माझ्याच बापाला, ज्यानं सात बुकं मराठीत शिकून पुढं फक्त पेपर वाचला, त्याला हे पुस्तक उजवीकडून उघडायचं असतं हे मी सांगितलंच नव्हतं. सांगायला पाहिजे हेच डोक्यात आलं नाही. इतकी मी तिकडची झाले होते.

वहिनीनं सांगितलं ते असं. पुस्तक आलं त्या दिवशीच आबा ते वैरणीच्या पिशवीत घालून संस्थेत घेऊन गेले. दूध घालायला आलेल्यांना थांबवून एकेक चित्र बोट ठेवून दाखवलं. "ह्यो रस्ता. आधी कोण न्हाय. मग ही पावलं बघा. पोरगी आली. बॅग घिऊन अंगणात हुभी ऱ्हायली. बा धार काढतोय, त्येला ठावंच न्हाय. मग बा वरडला. वरडणारच की, इतक्या वर्सांनी आली! मग पावणं आलं, घर भरलं." शेवटी बारकी पोर बापाबरोबर म्हैस भादरताना दिसते, त्यावर कुणीतरी विचारलं, अहो, एवढी मोठी पोर बारकी कशी झाली? आबा म्हणाले, "येड्या, घरी आलेली पोरगी बापाला बारकीच दिसती."

मग त्यांनी पुढच्या खोलीला चुना लावून घेतला आणि खिडकीपाशी मोठी ट्यूब बसवली. मी आले की चित्रं काढायला उजेड लागेल म्हणून. ती ट्यूब मी आल्यापासून बघत होते, कशाला बसवली हे विचारलं नव्हतं.

"आन मी फोनवर तसं बोलल्यावर?" मी विचारलं.

वहिनी उठून जायला लागली. मी हलवून हलवून विचारलं तेव्हा बोलली. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "मी काय चुकीचं बघितलं का गं त्यात?" असं तिला विचारत राहिले. तिनं मोबाइलवर शोधलं, तर कळलं की जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात. तिनं आबांना सांगितलं. आबांनी पुस्तक फिरवलं आणि ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटापर्यंत पान पान बघितलं. अंगणातल्या चित्रावर लई वेळ थांबले. स्वतःच्या पाठीवर बोट ठेवून म्हणाले, "वळाय पायजे हुतं." मग मोकळा रस्ता आला आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत डावीकडनंच उघडलं. मी म्हटलं, आबा, आवो तसं न्हाय. तर म्हणालं, त्येंच्यात तिकडनं वाचत असतील. आमच्यात हिकडनं वाचत्यात. मला हिकडनंच बरं वाटतंय. आन संस्थेत कुणाला सांगू नगंस."

मी खूप रडले, ते काय सांगायचं. फोन कापायच्या आधी एक श्वास थांबले असते, 'मी कुठं'च्या पुढचं एक वाक्य ऐकलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. आबा शेवटचे पाच महिने ते वाक्य तोंडात घेऊन बसले. हे माझ्या हातून झालंय. 

तेराव्यानंतर मी दूध घालायला संस्थेत गेले. दादाला बरं नव्हतं. दुधाच्या काट्यावर बसणारे काका मला बघून उठून उभे राहिले. "आलीस न्हवं शेवटी?" म्हणाले. "तुझा बा सांगतच हुता. पुस्तकात दावलंय म्हणला, पोरगी येती." रांगेतली माणसं मान हलवायला लागली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता ऱ्हा. कुठं जाऊ नगंस."

परतीचं तिकीट माझ्या मोबाइलमध्ये होतं. परवाचं.

"व्हय काका," मी म्हणाले. "आलो."

काका, ते खोटं होतं. तुम्ही एवढ्या मायेनं विचारलंत की मला तुमच्यासमोर आबांना खोटं पाडवेना. निघायच्या दिवशी मीच दादाला म्हटलं, गाडी संस्थेवरनं नको, मागल्या बाजूनं घे.  लाइन बाजाराकडून वळसा घालून आम्ही बाहेर पडलो आणि कुणी ओळखीचं दिसलं की मी सीटवर खाली वाकत होते, स्वतःच्या गावात.

आज इथं टोकियोत मला लोक विचारतात, घर कुठं तुझं? मी कोल्हापूर म्हणते आणि पुढची चौकट आखायला घेते. जिथं संस्थेत रोज सकाळी चार माणसं म्हणतात की रूपी आली, आता हितंच असती, ते माझं घर. तिथं तोंड दाखवायला मला जागा नाही.