पाणी लागल्यावर

पिराजी ईट गावचा, बौद्ध वस्तीतला. पहारीच्या आवाजावरून खाली पाषाण किती जाड आहे ते सांगायचा. वीस वर्षं विहिरीच खोदल्या. त्यातली शेवटची आठ सहकारी संस्थेच्या विहीर विभागात. वस्तीतला पहिला कायम नोकर तोच.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि बँकेनं विहिरींची कर्जं थांबवली. विभागाला कामच उरलं नाही. पिराजी आणि त्याच्या जोडीला काम करणारा बिराप्पा, दोघांना कमी करायचं ठरलं. त्याच सुमारास टांझानियात पाण्याचं काम करणाऱ्या एका मंडळाचं पत्र आलं. त्यांना विहीर खोदणारा स्वयंसेवक हवा होता. संस्थेच्या सचिवांनी, हिंमतरावांनी, तोडगा काढला. पिराजीनं वर्षभर तिकडं जायचं. खाणंपिणं मंडळाचं, घरी अर्धा पगार संस्थेचा. उरलेल्या अर्ध्यावर बिराप्पा इथं राहील. अट एकच: गाव ती विहीर वापरतं असा मंडळाचा दाखला यायला हवा. तो आला तर दोघांच्या जागा कायम.

"तिकडं म्हणं सिंह मोकळे फिरत्यात," त्याची बायको चांगुणा म्हणाली.

"फिरू दे. त्येंच्यात कपात तर न्हाय."

"जावा मग. सिंहालाच सांगा नोकरी द्यायला."

तिकडची माती लाल होती, पाषाण मात्र तसाच चिवट. गावातले चार गडी हाताखाली होते. बोलायचं झालं तर फाट्यावरच्या गुजराती दुकानदाराकडं जावं लागे. त्याची हिंदी आणि पिराजीची दखनी यांच्यात भागायचं.

सहाव्या महिन्यात तीस हातांवर पाणी लागलं. पिराजीनं पहार बाजूला ठेवली, दोर धरून वर आला आणि पन्नास पावलांवरच्या काटेरी झाडाखाली, विहिरीकडं पाठ करून बसला. गावाकडं पाणी लागलं की खोदणाऱ्यानं वर येऊन लांब बसायचं असे. मालकाची माणसं हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची, पाणी प्यायची. मग कुणीतरी येऊन त्याच्या ओंजळीत वरून धार सोडायचं. हे तो ठरवून करत नव्हता. पायच तिकडं गेले.

लोक काठावर जमले होते. कुणी पाण्याला शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका डबे घेऊन दोन कोसांवरच्या जुन्या डबक्याकडं निघाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मंडळाचा माणूस चार दिवसांनी पाहणीला येणार होता. पिराजीनं दुकान गाठलं.

"पानी खारा है क्या?" दुकानदारानंच विचारलं.

"मीठा रहना."

"रहना मतलब? तुमने पिया नहीं?"

पिराजीनं नाही अशी मान हलवली.

"अरे भाई, यहाँ पहला पानी खोदनेवाला पीता है. तुम तो मुँह फेरके भाग गए. गाँव बोलता है, पानी में कुछ है, खोदनेवाले को मालूम है."

"हमारे में खोदनेवाला दूर बैठता."

"क्यों?"

"वैसाच है," तो म्हणाला.

दुकान बंद करून दुकानदार त्याच्याबरोबर गावात आला आणि सगळा खुलासा केला. लोक पुन्हा जमले. एका म्हातारीनं सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून आणलं. पिराजी वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. म्हातारी खदखदून हसली. तिनं त्याची जोडलेली बोटं सोडवली आणि तुंबाच हातात दिला. तो प्यायला. मग त्याच तुंब्यातून ती प्यायली.

दाखला आला. दोघांच्या जागा राहिल्या. पिराजी परतला तोवर कर्जं पुन्हा सुरू झाली होती.

पहिली विहीर कळंबकडच्या तात्यारावांच्या शेतात होती. ऐन चैत्रात पाणी लागलं. हिंमतराव नारळ घेऊन काठावर आले.

"पिराजी, ये वर. पूजा उरकू दे."

खालून कुणी आलं नाही. बिराप्पानं वाकून पाहिलं. पिराजी घोटाभर पाण्यात उभा होता, गाळाच्या पाटीतलं जर्मनचं भांडं भरून घेत होता. सावकाश प्यायला. मग वर आला आणि काठावरच थांबला. बिराप्पाची नजर हिंमतरावांच्या तोंडाकडं होती. तात्याराव संस्थेचे संचालक होते.

"म्हंजे? आधी तू प्यालास?" तात्यारावांनी विचारलं.

"व्हय. म्या खोदलीया."

हिंमतरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "कसं हाय?" ते म्हणाले.

"गोड हाय, साहेब."

तात्यारावांनी त्यांच्याकडून नारळ घेऊन फोडला, पाणी मात्र ते प्यायले नाहीत. पण त्यांची जुनी विहीर शिमग्यालाच आटली होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या घागरी नव्या विहिरीवर आल्या.