न पाठवायच्या पत्राचा जावक क्रमांक

चांगदेव भालेरावांचा राग ज्याला माहीत नाही, तो कल्याण पूर्वेत नुकताच राहायला आलेला असणार. पालिकेच्या जावक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. जावक म्हणजे बाहेर जाणारी पत्रं. साहेबांची सही झाली की नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, घडी, पाकीट, तिकीट, रवाना. नंबर पडलेलं पत्र संध्याकाळी टेबलावर उरलेलं दिसलं तर चांगदेवांना रात्रीचं जेवण गोड लागत नसे. आणि आवाज असा, की ते तळमजल्यावर शिपायाला झापत असले की दुसऱ्या मजल्यावरचे लोक आपापल्या खुर्चीत सरळ बसत.

ओरडण्यासारखं काही नसताना ते कधी ओरडले, असं त्यांच्या शत्रूंनीही म्हटलेलं नाही. शत्रू पुष्कळ होते, तरीही. पण हे कुणी ध्यानात घेत नाही. माणूस रागीट, एवढंच लोकांच्या तोंडी राहतं. कशावर रागावला, ते कुणी विचारत नाही.

निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला. मुलगी प्राची लग्न होऊन ठाण्याला बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहायला गेलेली, एकोणिसाव्या मजल्यावर. तिथे चार लिफ्ट. एक तर फक्त सामानासाठी आणि कुत्र्यांसाठी. प्राची एका रविवारी आली आणि बापाच्या हातात एक पुस्तक ठेवलं. मुखपृष्ठावर एकावर एक रचलेले गोटे. आत एकवीस दिवसांत राग घालवायचा कार्यक्रम.

"बाबा, राग आपल्यालाच जाळतो. समोरच्याला काही होत नाही."

"समोरच्याला काही होत नाही, हीच तर माझी तक्रार आहे," चांगदेव म्हणाले.

पण मुलीचा शब्द. शिवाय समोर आलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय बाजूला ठेवायचा नाही, ही जुनी सवय. त्यांनी लाल पेनाने खुणा करत पुस्तक वाचलं आणि पान दोनवर पोच लिहिली: मिळाले, अमुक तारीख.

आता त्यांचा राग कशावर होता, ते सांगायला हवं. स्नेहांकुर सोसायटी चार मजली, लिफ्ट नाही. भालेराव चौथ्या मजल्यावर. पत्नी विमलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. दीड वर्षापूर्वी त्यांना दवाखान्यात न्यायला चार जणांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, विमलाबाईंनी कठडा धरला, पदर सुटला, आणि दारादारांतून माणसं बघत राहिली. कोणी हसलं नाही. पण कोणी नजरही वळवली नाही. दवाखाना राहिला, त्यांना तशाच वर आणलं. वर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता मेल्यावर उचला. त्याआधी नको." त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. डॉक्टर वर येतो. मुलीचं नवं घर त्यांनी मोबाइलवर पाहिलं. विहारात दर वर्षावासात ग्रंथवाचन त्यांच्याकडे असायचं. पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी, खणखणीत आवाजात. ते आता दुसरं कुणीतरी अडखळत करतं.

लिफ्ट बसवायचा अर्ज सोसायटीकडे पडून होता. सरकारी अनुदान नको, वर्गणीला लोक तयार, लिफ्ट कंपनीचं कोटेशन आलेलं. फक्त अध्यक्षांची सही नव्हती. अध्यक्ष गोपीनाथ साटम, तळमजला. लिफ्टचा डक्ट जिथे येणार तिथे गोपीनाथरावांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल ठोकून बाहेर हातभर जागा घेतलेली. तिथे त्यांचं वॉशिंग मशीन, कांद्याची जाळी आणि पोपटाचा पिंजरा. पोपट मेलेला, पिंजरा आहे. तर या जागेसाठी चौथ्या मजल्यावर एक बाई दीड वर्षं कोंडलेली.

हे ऐकून ज्याचं रक्त तापत नाही त्याला एकवीस दिवसांच्या कार्यक्रमाची गरज नाही. पण चांगदेवांनी तो सुरू केला.

पहिला धडा: राग आला की दहापासून उलटे आकडे मोजा. गॅसवाल्याने सिलेंडर जिन्याखाली ठेवला आणि "वर नाही येणार काका, चार माळे" म्हणाला. चांगदेव मोजायला लागले. दहा, नऊ, आठ. एकपर्यंत पोचले तेव्हा गॅसवाला शेजारच्या बिल्डिंगमध्ये. सिलेंडर त्यांनी स्वतः वर नेला, पायरीपायरीने. त्या दिवशीचा रक्तदाब आधीपेक्षा जास्त भरला.

दुसरा धडा: ज्याचा राग येतो त्याच्यातले तीन गुण लिहून काढा. चांगदेव वही घेऊन बसले. गोपीनाथरावांचा पहिला गुण लिहिला: केस व्यवस्थित रंगवतात. दुसऱ्या गुणासाठी पाऊण तास थांबले. मग विमलाबाईंना विचारलं.

"तो माणूस दर मीटिंगला वेळेवर येतो," त्या म्हणाल्या. "खाली राहतो ना."

तिसरा गुण आजतागायत मिळालेला नाही. केसांबद्दलही मतभेद आहेत. साटमवहिनी भिशीच्या बायकांना सांगतात की मिशीला लावायचं ते विसरतात.

तिसरा धडा सगळ्यात घातक. 'तुम्ही असं केलंत' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' म्हणायचं. सोसायटीच्या मासिक सभेत चांगदेव उठले. सगळ्यांनी पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या. आता आवाज चढणार. चांगदेव हळू, पुस्तकी सुरात म्हणाले, "गोपीनाथराव, लिफ्टच्या फाइलवर सही होत नाही, तेव्हा मला वाईट वाटतं."

गोपीनाथरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा खुलला. वीस वर्षांत पहिल्यांदाच वाघ त्यांच्यासमोर पायात मोजे घालून आला होता.

"वाईट वाटून घेऊ नका हो भालेराव. तब्येतीला बरं नाही. आणि जिना म्हणजे काय, फुकटची जिम! पुढचा विषय, पार्किंग."

पार्किंगवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. चांगदेव घरी आले, पंख्याखाली बसले. विमलाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आज पण नाही ना?" त्यांनी मान हलवली. विमलाबाई आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. तांदळात खडे नव्हतेच, पाकिटातले तांदूळ. पण त्या निवडत बसल्या.

ही पुस्तकं लिहिणाऱ्यांचा पत्ता मिळाला असता तर बरं झालं असतं. सहनशील व्हा म्हणून कुणाला सांगतात बघा. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याला सांगतात. पाय ठेवणाऱ्यासाठी एकवीस दिवसांचा कार्यक्रम कुणी काढलेला नाही. एकोणिसाव्या मजल्यावर चार लिफ्टच्या सोबतीने राग सोडणं सोपं असतं. तिथे तो येतोच कशाला?

चौदाव्या दिवशी नवा धडा आला. ज्याचा राग आहे त्याला पत्र लिहा. मनात असेल ते सगळं लिहा, काही राखू नका. मग ते पत्र एक दिवस ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फाडून टाका. पाठवू नका. 'पाठवू नका' पुस्तकात ठळक छापलेलं होतं. चांगदेवांनी त्याखाली लाल रेघही मारली.

मग ते लिहायला बसले. पण चौतीस वर्षं ज्या हाताने एकच तऱ्हा गिरवली, तो हात दुसऱ्या तऱ्हेने लिहिणार कसा?

'प्रति, मा. अध्यक्ष, स्नेहांकुर सहकारी गृहनिर्माण संस्था. विषय: आपला निर्लज्जपणा. संदर्भ: १) माझ्या पत्नीचे गुडघे. २) आपल्या स्वयंपाकघराचे अनधिकृत ग्रिल. ३) मृत पोपटाचा पिंजरा.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण माणूस आहात अशी निम्नस्वाक्षरीकाराची समजूत होती. सदर समजूत आजपासून रद्द करण्यात येत आहे. एक बाई दीड वर्षं जमिनीला पाय लावू शकलेली नाही, कारण आपले कांदे हवेशीर राहिले पाहिजेत. आपल्या घरातील कोणास अशा खुर्चीतून खाली उतरविण्याची वेळ आल्यास जिना ही जिम असल्याचे आपण त्यांस अवश्य कळवावे.'

असं अडीच पानं. खाली सही. सहीखाली, हात आपोआप गेला तसा, 'प्रत: मा. उपनिबंधक, सहकारी संस्था यांना माहितीस व उचित कार्यवाहीस सविनय सादर.' वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक १. दोन प्रती, दोन पाकिटं, दोन पत्ते. डिंक वाळलेला म्हणून विमलाबाईंनी वाटीत भाताची शितं आणून दिली. ड्रॉवरमध्ये जुनी तिकिटं होती, तीही लागली. चांगदेवांना इतकं हलकं वाटलं की ते दुपारी आडवे झाले आणि चक्क घोरले.

उठले तेव्हा चार वाजलेले. टेबल रिकामं.

"विमल, ती पाकिटं कुठे गेली?"

"कुठली? नंबर पडलेली?"

"हो, तीच!"

"पोस्टमन आलेला. पिशवीत घालून दोरीने सोडली खाली. चांगला आहे हो पोरगा, घेऊन गेला."

चांगदेव पलंगावर बसले. "अगं, ती पाठवायची नव्हती!"

"मग नंबर कशाला टाकलात?"

नंबर पडलेलं पत्र घरात ठेवायचं असतं, हे त्या घरात कुणी कधी ऐकलेलंच नव्हतं.

"तू वाचलंस काय ते?"

"चिकटवलेलं पाकीट मी कशी वाचणार?" विमलाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आता भाताच्या शितांनी चिकटवलेलं पाकीट वाळायला किती वेळ लागतो, हे ज्याने चिकटवलंय त्याला ठाऊक. सोसायटीतल्या बायकांचा यावर वेगळा अंदाज आहे. तो इथे लिहिण्यात अर्थ नाही, सगळ्यांचा तोच आहे.

बारा दिवसांनी उपनिबंधकांकडून सोसायटीला पत्र आलं: सोबतच्या तक्रारीबाबत, ग्रिलबाबत आणि लिफ्टच्या प्रलंबित अर्जाबाबत पंधरा दिवसांत खुलासा सादर करावा. आपल्या नावाची प्रत गोपीनाथरावांनी तोवर गुपचूप दाबून ठेवली होती. त्याच सकाळी ते चौथ्या मजल्यावर आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे राहिले तेव्हा धाप लागलेली. एका हातात कागद, दुसरा चौकटीला.

"भालेराव... हे... निर्लज्जपणा? विषयात? सरकारी हापिसात पाठवलंत? आपण वीस वर्षांचे शेजारी ना? माफी मागा लेखी, नाहीतर मी..."

चांगदेवांनी डोळे मिटले. "दहा. नऊ. आठ."

"काय मोजताय?"

"सात. सहा."

आतून विमलाबाईंचा आवाज आला, विहारात वाचताना असायचा तसा. "अहो, ते मोजणं बंद करा आणि बोला!"

चांगदेवांनी डोळे उघडले. पाच त्यांनी म्हटलंच नाही.

"माफी? कसली माफी? गोपीनाथ, चार मजले चढून तुला धाप लागली. किती मिनिटं झाली? तीन? ही दीड वर्षं आत बसलीय! त्या दिवशी खुर्ची तिरकी झाली तेव्हा तू खाली उभा होतास. वर बघत होतास. हात लावलास? पत्रातला एक शब्द खोटा असेल तर दाखव, आत्ता फाडतो. नाहीतर तो कागद घे आणि खाली जा, आणि जाताना पायऱ्या मोज!"

खालच्या तीनही मजल्यांवर दारं उघडली. खालच्या मजल्यावरची माया कांबळे पदराला हात पुसत जिन्यात आली. बऱ्याच दिवसांनी भालेरावकाकांचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं, असं तिने नंतर सांगितलं. गोपीनाथराव म्हणाले, "हे मीटिंगमध्ये बोला. इथे तमाशा नको."

"बोलू की," विमलाबाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या होत्या. "पण मीटिंग इथे होईल. चौथ्या मजल्यावर. फ्लॅट माझ्या नावावर आहे भाऊ, सभासद मी. दीड वर्षं तुमच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिताय. मी हजर आहे. तुम्हीच वर येत नाही."

"वहिनी, असं कुठे असतं का? मीटिंग खाली ऑफिसात असते."

"ऑफिसात लिफ्ट आहे?" मायाने विचारलं. जिन्यात कुणीतरी हसलं. गोपीनाथरावांनी हसणाऱ्याचा चेहरा शोधला, सापडला नाही. चेहरे जास्त होते.

पंधरा दिवसांची मुदत पुढे होती, म्हणून रविवारी सकाळी दहाला सभा ठरली. चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चटया, पाच खुर्च्या. सोळापैकी चौदा सभासद आले. पहिल्या मजल्यावरचे सुदेश राणे, ज्यांनी आजवर लिफ्टला 'बघू' म्हटलं होतं, तिसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं बसले आणि वर येताच म्हणाले, "माझा हात वरच समजा, आता उचलवत नाही." गोपीनाथराव सगळ्यात शेवटी आले. ठराव वाचायला चांगदेव उठत होते, विमलाबाईंनी कागद काढून घेतला आणि स्वतः वाचला, शब्द न शब्द, ग्रिल हटवण्याच्या कलमासकट. तेरा हात वर. गोपीनाथरावांचा नाही.

"वहिनी, जरा पाणी," ते म्हणाले. घसा खरंच कोरडा पडलेला.

"देते. सही करा आधी."

"पाण्याला कुणी नाही म्हणत नाही हो."

"दीड वर्ष सगळ्याला नाहीच म्हणत होतात," त्या म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. पेन पुढे केलेला हातही मागे घेतला नाही. पॅसेजमध्ये कुणी मध्ये पडलं नाही. गोपीनाथरावांनी सही केली, तारीख टाकायला विसरले, चांगदेवांनी बोट ठेवून दाखवलं, तीही टाकली. मग पाणी मिळालं. माठातलं, तांब्याभर.

प्राचीने फोनवर विचारलं, "बाबा, एकवीस दिवस पूर्ण झाले का?"

"चौदा झाले. उरलेले सात तुमच्या टॉवरमध्ये कुणाला लागत असतील तर देऊन टाक."

ग्रिल पुढच्या आठवड्यात निघालं. पण लिफ्ट कंपनीची माणसं मापं घ्यायला मंगळवारी येणार होती ती शुक्रवारी आली, आणि आल्याआल्या त्यातला एक म्हणाला, टेप विसरलो, सोमवारी बघू. चांगदेव खाली उभे होते. त्यांनी कुठलेही आकडे मोजले नाहीत. "सोमवारी? कुठला सोमवार? वर माणूस आहे वर, गोणी नाही! टेप नाही तर दोरीने माप, दोरी नाही तर हाताने माप, पण आज माप!"

त्या माणसाने मान वर करून बघितलं. चौथ्या मजल्याच्या खिडकीत विमलाबाई दोन्ही कोपरं टेकून उभ्या होत्या.

"अहो," त्या वरून म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला. वर नीट ऐकू येत नाही."