पैलवानाची नाडी

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि अध्यक्षांनी त्याच्यासमोर पाऊण तास भाषण केलं. यंत्र बंदच होतं. ते सुरू करता येणारा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उसाच्या नोंदी यंत्रात भरायला आम्ही दोघे होतो. एक मी, पैलवानाच्या तोंडी ‘पंडित’. दुसरा शिवाजी पेठेतल्या तालमीतला पैलवान. तो गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळायला नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या ओढता ओढता टायपिंग शिकला होता आणि या खुर्चीवर बसल्याचा त्याच्या घरी पेढा वाटला गेला होता. आम्ही शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख भरायचो. तारखेवरून तोडीची पाळी ठरे. ती चुकली की कुणाचा तरी ऊस फडात वाळत उभा.

काही महिन्यांनी पुण्याहून एक डॉक्टर आले. कॉम्प्युटरवर काम करताना मेंदूवर किती ओझं पडतं ते म्हणे नाडीवरून मोजता येतं. ते आमच्या कानाच्या पाळीला चिमटा लावत. त्याची वायर ज्याच्या त्याच्या पेटीत जाई आणि पेटी दर ठोक्याला टिक करी. त्या बंद, गार खोलीत दोन माणसांची काळजं दिवसभर मोठ्यानं वाजत. घरी जेवताना घास थांबवला की मला ती तिथंही ऐकू येत.

पैलवानाची नाडी रिकामं बसल्यावर शेहेचाळीस, कामात सत्तेचाळीस.

“यांच्या मेंदूवर ओझंच नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मेंदू हाय, ह्येच आज कळलं की, सायेब,” पैलवान म्हणाला.

माझी नाडी मात्र कामाला बसलो की धावे. त्यात मेंदूचा संबंध नव्हता. टेबलाखाली पायाचे पंजे फरशीत रोवून पोटऱ्या आवळल्या की ठोके वाढतात, हा शोध मला दुसऱ्याच दिवशी लागला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून माझ्या नोंदींचा अर्धा गठ्ठा पैलवानाकडे गेला. पुढच्या आठवड्यात उरलेल्यातला अर्धा. शास्त्राचा निकाल होता. मी कोण बोलणार?

एप्रिलातल्या एका दुपारी काहीतरी खटकलं. पैलवानाच्या पेटीची टिक आणि त्याच्या बोटांची टकटक एकाच वेळी येत होती. एका ठोक्याला एक अक्षर. मी त्याच्या पडद्याकडे पाहिलं. नावं वेगवेगळी, तारीख मात्र एकच. जुलैतली एकच तारीख, वरपासून खालपर्यंत. मागची पानंही तशीच. त्याची पापणी लवत नव्हती.

“पैलवान.”

बोटं चालूच. मी खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता. त्यानं सावकाश मान वळवली.

“पाऊस उघडला व्हय?”

बाहेर ऊन रणरणत होतं.

चौकशी झाली. डॉक्टरांनी कागदाची पट्टी उलगडून दाखवली. सगळीकडे शेहेचाळीस, सत्तेचाळीस. ताण नाही; म्हणजे चूक थकव्यानं नव्हे, बेपर्वाईनं. पैलवानाला परत गव्हाणीवर धाडायचं ठरत आलं. शेवटी कारखान्याच्या साहेबांनी मला विचारलं. माझ्या कानाला चिमटा होता, पैलवान दाराशी उभा होता.

“याला काम जास्त होत होतं का?”

खरं सांगायचं तर पंज्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

“नाही, साहेब.”

माझी पेटी पळत सुटली. मला ती थांबवता येईना.

डॉक्टरांनी आनंदानं आकडा टिपून घेतला. “बघा, साध्या प्रश्नाचाही किती ताण. यांचं काम अजून कमी करा.”

पैलवानानं पेटीकडे पाहिलं. मग वाकून टेबलाखाली, माझ्या पायांकडे.

“आज पाय रोवलं न्हाईस की, पंडित,” तो म्हणाला.

दाराबाहेर काढलेल्या चपला घालून तो गव्हाणीकडे गेला. पेटी बराच वेळ तशीच पळत होती.