कासवांच्या पिल्लांसाठी दही

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीतून कुणालाही गुपचूप परगावी जाता येत नाही. बॅग घेऊन फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समोरच्या घरातून कुसुमताई निघालीच म्हणून समजा. एका हातात दह्याची वाटी, दुसऱ्या हातात चमचा आणि पायांत बहुतेक वेळा दोन वेगळ्या जोडांतल्या चपला. "थांब, हात पुढे कर." तळहातावर दही पडून ते चाटल्याशिवाय आणि "येतो" म्हटल्याशिवाय सुटका नाही. चुकून "जातो" म्हणालात तर आणखी एक चमचा.

निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची रीत काही कुसुमताईची एकटीची नाही. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना आपले पूर्वज दक्षिणेतून कोणत्या साली इकडे आले ते धड सांगता येत नाही, सब्जीला आम्ही सब्जीच म्हणतो, पण दही विसरलेलो नाही. माझ्या घरीही घालतात, आठवलं तर. कुसुमताईला मात्र आठवावं लागत नाही. गल्लीतला लक्ष्मीकांत मुलाखतीला निघाला होता, तेव्हा ही चालू स्कूटरसमोर जाऊन उभी राहिली. बिचाऱ्याने एका हाताने ब्रेक दाबून दुसऱ्या हातावर दही घेतलं आणि इस्त्रीच्या बाहीवर ओघळ घेऊन मुलाखत दिली. नोकरी लागली त्याला. कुणामुळे, ते कुसुमताईला विचारा.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वडील शहरातल्या लष्कर भागात एका देवळात पुजारी होते, यजमान सदाशिवराव एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेबखात्यात. ती स्वतः घरी शिवणाचे वर्ग चालवायची. कॉलनीतल्या निम्म्या मुली तिच्याकडे ब्लाउज बेतायला शिकल्या आणि उरलेल्या निम्म्या नुसत्याच गप्पा मारायला गेल्या. तिने दोन्ही गटांकडून सारखीच फी घेतली. एकुलती मुलगी यशश्री लग्न होऊन बंगळूरला गेली, तेव्हा कुसुमताईने मुलीच्याच नव्हे, तर सगळ्या वऱ्हाडाच्या हातावर दही घातलं होतं. तेव्हा हे सगळं हसतखेळत चालायचं.

मग एकवीस सालचा, करोनाच्या लाटेतला एप्रिल आला. सदाशिवरावांना धाप लागली. सकाळी ॲम्ब्युलन्स आली, पांढरा प्लास्टिकचा पोशाख घातलेली दोन माणसं आत शिरली आणि त्यांना घेऊन गेली. कुसुमताईला फाटकापर्यंतही येऊ दिलं नाही. दही फ्रिजमध्ये राहिलं आणि सदाशिवराव परत आले नाहीत.

पुढे एकदाच ती मला म्हणाली, "सीमंतिनी, माझ्याकडून राहिलं गं." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस! त्या महिन्यात शहरातून किती माणसं गेली, त्या सगळ्यांच्या घरचं दही संपलं होतं का?" तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण तेव्हापासून दही घालताना ती हसेनाशी झाली. कुणी दही न घेता निघून गेलं, तर ते पोचल्याचा फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरेना. लोक तिला टाळून मागच्या गल्लीने निघू लागले. मला तिचा राग यायचा आणि रागाच्या मागोमाग दयाही. सत्तरी ओलांडलेली बाई एका चमच्यासाठी स्वतःला शिक्षा करत बसली होती आणि कुणाच्या सांगण्याने ती थांबणार नव्हती.

यंदा फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाची अंदमानची सहल ठरली. नेहमीसारखी देवळं आणि खरेदी नव्हे, तर बेटांवरचे प्राणी-पक्षी पाहायचे आणि बरोबर जाणकार मार्गदर्शक. ही टूम महिपतरावांची. त्यांचे पूर्वज फौजेत होते, ते स्वतः महाराज बाडा चौकातल्या बँकेत. फौजी बाणा त्यांच्यात उतरलाय, पण तो फक्त जेवणाच्या रांगेत पुढे सरकताना दिसतो. कुसुमताई यायला तयार नव्हती. मी यशश्रीला फोन लावून दिला आणि दोघींनी मिळून तिला ओढून बाहेर काढलं.

ग्वाल्हेर स्टेशनवर तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आख्ख्या मंडळाच्या हातावर दही! दिल्लीची गाडी काही आमच्यासाठी थांबून राहणार नव्हती. महिपतराव उजव्या हातात दही आणि डाव्या हातात बॅग घेऊन दारात अडकले. दांडा धरायला हातच उरला नव्हता. मागून कुणीतरी त्यांना आत ढकललं. दिल्ली येईपर्यंत ते कुसुमताईशी बोलले नाहीत. ती मात्र खिडकीशी निवांत बसली होती. सगळ्यांना दही पोचलं होतं ना!

सहल झकास झाली, हे आधी सांगून टाकते. परतल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलं? महिपतराव लगेच मोबाइल काढून डॉल्फिनची चित्रफीत दाखवतात. तिच्यात पाणी दिसतं, आणि "वो गया, वो गया!" असा त्यांचाच आवाज ऐकू येतो. मला आठवतात ते संध्याकाळी थव्याथव्याने एका चिमुकल्या बेटावर मुक्कामाला येणारे पोपट, आणि पाठीवर शंख घेऊन वाळूत फिरणारे खेकडे. ते पाहून कुसुमताई म्हणाली, "बघ, आपल्या मंडळींसारखेच. चार दिवसांसाठी निघाले तरी आख्खं घर बरोबर." कित्येक दिवसांनी तिला अशी थट्टा सुचली होती. मला फार बरं वाटलं.

आमचा मार्गदर्शक हेमेंद्र मूळचा भोपाळचा, चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. बोलणं मऊ, पण नियम कडक. "देखिए जितना मन करे. छूना नहीं, और किसी को कुछ देना नहीं." पहिल्या दिवशी एका काकूंनी पक्ष्यांना चकली टाकली, तर याने वाकून तिचा चुरा वेचला आणि कागदात बांधून काकूंच्याच हातात परत दिला. त्यानंतर आमच्या चिवड्याच्या डब्यांची झाकणं बोटीत उघडली नाहीत.

शेवटच्या मुक्कामी त्याने आम्हाला कासवांबद्दल सांगितलं. मादी किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. इथे ती अंडी कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून जाळीच्या कुंपणात सांभाळतात. पिल्लं बाहेर आली की टोपलीतून किनाऱ्यावर आणून सोडतात. पाण्यापर्यंत मात्र त्यांनी आपलं आपण चालायचं.

"मोठी किती होतात?" कुसुमताईने विचारलं.

"हज़ार में से एक, माताजी. समझ लीजिए."

"हजारात एक?" ती माझ्याकडे वळली. "आणि बाकीची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं सोडणार होते. ती जेवायला आली, पण तिने पानातला भात नुसता चिवडला.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर पोचलो. वाळूवर दोरी ताणली होती, आम्ही दोरीच्या अलीकडे. हेमेंद्र टोपली घेऊन आला. आत बोटभर लांबीची काळी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. कुसुमताई दोरीला अगदी खेटून उभी होती. तिने पदराखालून एक डबी काढली, झाकण फिरवलं, चमचा बाहेर आला आणि मला एकदम सगळं कळलं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून तिने दही मागून आणलं होतं. वरून साखरसुद्धा घातली होती.

"ताई, ठेव ते आत," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"थोडं थोडं वाळूवर ठेवते. त्यांच्या वाटेत."

"अगं, ती कासवं आहेत!"

"निघाली तर आहेत ना? ती पण इतक्या लांब."

हेमेंद्रने पाहिलं. टोपली तशीच धरून तो जवळ आला. "माताजी, ये क्या है?"

"दही."

"यहाँ नहीं चलेगा. खाने की चीज़ गिरी तो केकड़े आ जाएँगे. डिब्बी बंद कीजिए, फिर टोकरी खोलूँगा."

कुसुमताईने डबी छातीशी धरली. मागून महिपतराव म्हणाले, "वहिनी, ऊन वाढून राहिलंय, पिल्लांना दिक्कत होईल." ते खरंच होतं. आकाशात एक घार फिरत होती. सगळी मंडळी आता तिच्याकडे पाहायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण मंडळी हसतील अशी भीती मला वाटली, आणि कुणी हसलं असतं तर मी एकेकाला धुऊन काढलं असतं.

"कुसुमताई, बंद कर ना गं!"

ती माझ्याशी बोललीच नाही. हेमेंद्रशी बोलली, तिच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत. "हमारे घर से एक बार किसी को ऐसे ही जाने दिया था. मेरे हाथ से दही रह गया. वो वापस नहीं आए."

इतक्या वर्षांत जे तिने मला दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं, ते ती आठवड्याच्या ओळखीच्या माणसाला सांगत होती. कुणी हसलं नाही. महिपतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हेमेंद्रने टोपली वाळूवर टेकवली आणि तिच्यासमोर उभा राहिला. आता हा काहीतरी गोड समजूत घालणार आणि ती आणखी बिथरणार, असं मला वाटलं. पण त्याने समजूत घातली नाही. "माताजी, इनको कोई नहीं भेजता," तो म्हणाला. "माँ तो उसी रात चली गई थी. हमेशा से ऐसा ही है. जो मादा पिछले महीने यहाँ अंडे देने लौटी, वो भी ऐसे ही गई होगी."

कुसुमताई त्याच्याकडे बघत राहिली, मग टोपलीकडे. तिने चमचा आत ठेवला आणि झाकण फिरवायला लागली. झाकण वाकडं बसलं, पुन्हा काढून फिरवलं, मग नीट बसलं. डबी तिने माझ्या हातात दिली.

टोपली आडवी झाली. पिल्लं आधी इकडेतिकडे फिरली, मग एकेकाने तोंड समुद्राकडे वळवलं. नुकतं रांगायला लागलेलं मूल जसं अंग पुढे फेकतं, तशी ती निघाली. एक पिल्लू पावलाच्या खड्ड्यात उलटं पडलं. कुसुमताई पुढे झुकली. मी तिचा पदर धरला, पण तशी गरज नव्हती. तिने दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत अडकवले होते. पिल्लाने मान रेटली, पुढचा चपटा पाय वाळूत रोवला आणि ते सुलटं झालं. लाट आली आणि त्याला घेऊन गेली. पुढच्या लाटेने दुसरं नेलं. शेवटचं दिसेनासं होईपर्यंत ती तशीच हात मागे बांधून उभी होती. परतीच्या बोटीत आणि विमानातही ती बाहेर पाण्याकडे पाहत बसली. पण तिचा चेहरा दुखावलेला नव्हता. शिवणाच्या वर्गात एखादी अवघड बाही बेतताना ती अशी दिसायची.

मला वाटलं, घरी आल्यावर गाडं पुन्हा मूळपदावर येणार. आमच्या शेजारची उन्नती पुण्याला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाली, त्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. ऑटो आला. कुसुमताई वाटी घेऊन बाहेर पडली, पण तिच्या फाटकाची कडी नेमकी तेव्हा अडकली. तिकडे उन्नती घाईघाईने ऑटोत चढत होती. "काकू, ट्रेन छूट जाएगी, मी येते हं!" आणि ऑटो वळणावरून फूलबागेच्या रस्त्याला लागलासुद्धा.

कुसुमताईचा आवाज कमी नाही. तिने हाक मारली असती तर ऑटो थांबला असता. तिने चमच्याचा हात वर केला आणि हलवला. "सावकाश जा गं," ती म्हणाली. ते त्या पोरीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले. "ताई, बरी आहेस ना?"

"बरी आहे." ती अजून वळणाकडेच पाहत होती. "सीमंतिनी, हजार निघतात ना, त्यातलं एक परत येतं. त्याला कुणी दही दिलेलं नसतं."

"हो."

"आणि जी परत येत नाहीत, त्यांच्या घरचंही कुणी काही विसरलेलं नसतं." ती माझ्याकडे वळली. "माझं काही राहिलं नव्हतं गं. ह्यांना जायचंच होतं, ते गेले."

ती रडत होती आणि रडता रडता हसत होती. वाटी कलंडायला आली होती, म्हणून मी ती तिच्या हातातून काढून घेतली.