रांजणात ठेवलेली फिल्म

ही गोष्ट मी पन्नाशीतच सांगायला हवी होती. साठीत ती टाळली, सत्तरीत विसरल्याचं सोंग केलं. आता ऐंशी उलटली आहे आणि आमच्या गावात झालेल्या त्या सिनेमाचं श्रेय लोक अजून मलाच देतात.

मराठवाड्यातल्या तेरपासून काही कोसांवरच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सचिव होतो. बहात्तरच्या दुष्काळाला दहा-एक वर्षं झाली होती आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. दिवसाआड टँकर यायचा. अशा उन्हाळ्यात पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक चार माणसं आणि एक कॅमेरा घेऊन एसटीतून उतरला. त्याला म्हातारपणावर सिनेमा करायचा होता. मुलं कामाला परमुलखात गेलेली, मागं एकटा राहिलेला म्हातारा, एवढीच कथा. जवळ पैसा जवळजवळ नव्हताच. पण संस्थेच्या सभेला तो पोरगा आवडला. रोज एका घरानं त्यांना भाकरी द्यायची, सामान दुधाच्या गाडीतून न्यायचं, असं ठरलं. म्हाताऱ्याच्या कामाला गावातलेच सत्तरीचे तात्या निवडले गेले.

दिग्दर्शकाला एकच काळजी होती. कोरी फिल्म मोजकी होती, दुसरी आणायची ऐपत नव्हती आणि उष्णतेनं ती खराब झाली की सिनेमा तिथंच संपणार होता. मी भर सभेत उठून म्हणालो, "त्याची चिंता सोडा. आपलं दूध जातं त्या तालुक्याच्या शीतकरण केंद्रात ठेवू. तिथं माझा शब्द चालतो."

शब्द चालला नाही. दुधाच्या खोलीत दुसरं काही ठेवता येणार नाही, असं केंद्राचे साहेब म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण गावात येऊन ते सांगायची मला लाज वाटली. फिल्मचे डबे मी संस्थेच्या कचेरीत कपाटामागं सरकवले. वर पत्रा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बौद्ध वस्तीतल्या एक बाई दूध घालायला आल्या. साठीच्या होत्या. एक म्हैस आणि रोजगार हमीचं काम, यावर त्यांचं घर चालायचं. त्यांची नजर कपाटामागं गेली.

"सेक्रेटरी, ही शिनिमाची डबडी न्हवं? ती तर थंडीत ठिवायची व्हती."

"हळू बोल," मी म्हणालो. माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी तेव्हा अगं-तुगं करायचो. मग खरं काय ते सांगून टाकलं.

त्यांनी वर पत्र्याकडं पाहिलं. "हितं तर अंडं उकडंल. द्या माज्याकडं."

"तुझ्याकडं काय बर्फाचा कारखाना आहे?"

"रांजण हाय की. ह्या उन्हाळ्यात पानी कुठंय त्यात घालाया? मोकळाच हाय."

"बरं ने. पण कुणाला सांगू नको."

"म्या कशाला सांगू?"

त्यांनी घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात खड्डा केला, नदीतली वाळू भरली, रांजण त्यात गळ्यापर्यंत पुरला. आत कोरडे डबे, तोंडावर झाकण, वर गोणपाट. वाळू रोज भिजवायची. पहाटे दुधाबरोबर त्या दिवसाचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून आणायच्या आणि मी तो ऐटीत दिग्दर्शकाच्या हातात द्यायचो. "केंद्रातून आला," म्हणायचो. वाळूवर ओतायचं पाणी त्यांच्याच घागरीतलं होतं. त्यासाठी त्या दोन-दोन दिवस अंघोळ करत नव्हत्या, हे मला त्यांच्या सुनेनं फार पुढं सांगितलं.

शूटिंग मात्र झकास झालं. दिग्दर्शक ओरडायचा, "तात्या, जरा थकल्यासारखं चाला!" तात्या थांबून म्हणायचे, "अरे बाबा, सत्तर वर्सं चालून थकलो न्हाय, आता तुज्यासाठी थकू व्हय?" पाहणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "तात्या, खोका की एकदा! शिनिमा हाय!" शेवटच्या प्रसंगात तात्यांनी रिकाम्या गोठ्यात नुसता हात फिरवला, दावणीवर, गव्हाणीवर. कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी कुणीच हसलं नाही.

पावसाळ्यात पत्र आलं. सगळी फिल्म स्वच्छ निघाली होती, कुठं डाग नाही. दिवाळीनंतर दिग्दर्शक सिनेमा घेऊन स्वतः आला. सोसायटीच्या गोदामाच्या फटी पोत्यांनी बुजवून आम्ही भर दुपारी अंधार केला. आख्खं गाव आत. पडद्यावर भिंतीएवढे तात्या दिसले आणि गोदाम गरजलं. तात्या स्वतः म्हणाले, "लई म्हातारा दिसतोय की रं मी!" गोठ्याच्या प्रसंगाला बाप्ये डोळे पुसत होते. आमचं तहानलेलं गाव, आमचा माणूस, आमच्या भाकरीवर झालेला सिनेमा. तेवढी मान वर करून आम्ही कधी बसलो नव्हतो. पुढं तो मोठ्या शहरांतही दाखवला गेला आणि लोकांनी वाखाणला.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली: दूध संस्थेच्या सचिवांचे विशेष आभार. दिग्दर्शक उठून म्हणाला, "यांनी फिल्म थंड ठेवली नसती, तर आज हा पडदा पांढराच राहिला असता." टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. चौथ्या रांगेत त्या बाई बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून.

बाहेर पडताना मी पुटपुटलो, "तुझं नाव राहिलं."

"ऱ्हाऊ द्या. शिनिमा झाला न्हवं?"

त्यांनी शब्द पाळला, आणि मी त्याच्या आडोशाला बसून राहिलो. त्यानंतर त्या बरीच वर्षं होत्या. दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा म्हशीची चौकशी करून परतलो. दुसऱ्यांदा त्या अंथरुणावर होत्या. मला बघून उठायला लागल्या, तर मी "पडून राहा" म्हणालो, चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो. घरात माणसं होती. त्यांच्यासमोर बोलायचं धैर्य झालं नाही, आणि बोलायचं तर त्यांच्यासमोरच होतं. महिनाभरात त्या गेल्या.

त्या दिवशी मी एवढंच म्हणणार होतो: मावशी, फिल्म तुम्ही वाचवली. तुमच्या वाट्याच्या टाळ्या मी घेतल्या आणि तुम्हाला समोर बसवून घेतल्या. मला माफ करा.