पाणी म्हणा

“पाणी म्हणा.”

मी म्हणालो, “पानी.”

“पुन्हा.”

“पानी.”

कॉलेजच्या हापिसात टेबलापलीकडं तिघं बसलेले. मराठीचे विभागप्रमुख मधोमध. तेच विचारत होते. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा संस्थेचे सचिव रुमाल तोंडाला लावून हसायला लागले. एम.ए.ला काय वाचलं, कसं वाचलं, एक प्रश्न नाही. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, “मेंढरांशी बोलायला ठीक आहे. मुलांशी कसं बोलणार?”

अर्जात जात लिहिलेली होती. मी धनगराचा.

उमरग्याकडच्या एका खेड्यात मी नऊ वर्षं शाळामास्तर होतो. निजामाच्या राज्यात मिडलपर्यंत उर्दूतून शिकलो. आमचे मौलवीसाहेब घशातलं अक्षर दहादा घोटून घ्यायचे, पण हसले कधीच नाहीत. मग संस्थान विलीन झालं, कारभार मराठीत आला. आई ज्या भाषेत मला रागवायची ती भाषा मी पुस्तकातून नव्यानं शिकायला बसलो. शाळा सांभाळून, बाहेरून परीक्षा देत एम.ए. झालो.

त्यांनी मला घेतलं. दुसरा एम.ए. झालेला उमेदवार आलाच नव्हता म्हणून.

पहिल्याच तासाला विभागप्रमुख वर्गात शिरले आणि मागच्या बाकावर बसले. मी कविता वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला, “‘न’ नव्हे. ‘ण’.” पोरं हसली. पुढच्या ओळीला पुन्हा. आठवड्यातून दोनदा तरी ते असे यायचे. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, “शाळाच बरी होती हो तुम्हाला.”

मी काय केलं? घाबरलो. ‘ण’ असलेले शब्द टाळायला लागलो. कविता वाचायची सोडून तिचा नुसता अर्थ सांगायला लागलो. घरात आरशासमोर उभा राहून जीभ टाळूला लावत बसायचो. जमलं. मग ज्याला जमत नव्हतं त्याची मला लाज वाटायला लागली.

आप्पा, माझे वडील, मेंढरं भावाच्या हवाली करून मला भेटायला आले. मी प्रोफेसर झालेला त्यांना बघायचं होतं. शेजारचे एक प्राध्यापक घरात बसलेले. आप्पा दारातनं म्हणाले, “आदी पानी दे बाबा, लई चाललोय.”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “आप्पा, पाणी म्हणा.”

शेजारी हसले. रुमाल न लावता.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातला तांब्या घेतला न्हाय. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “तुमी मोठी मानसं.” जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला ‘तुमी’ म्हटलं. घोंगडं खांद्यावर टाकून आल्या वाटेनं गेले. मागनं पळालो, हाका मारल्या, ते थांबले न्हाईत.

त्या दिवशी मला कळलं. टेबलापलीकडच्या तिघांत चौथा मी जाऊन बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुख पुन्हा वर्गात आले. मी पुस्तक उघडलं आणि कविता मोठ्यानं वाचली, माझ्या आईच्या तोंडून भाषा यायची तशी. मागून आवाज आला, “‘ण’!”

मी पुस्तक मिटलं. “सर, हा तास माजा हाय. ऐकायचं असंल तर बसा. नसता भाईर जा.”

विभागप्रमुख लालबुंद होऊन उठले आणि गेले.

चार वाजता प्राचार्यांनी बोलावलं. माफीनामा तयारच होता, सुंदर अक्षरातला. एक व्याकरणाची चूक नव्हती. “सही करा, नाहीतर नोकरीत कायम होणं विसरा.”

मी सही केली नाही. कागद टेबलावर तसाच ठेवून आलो. वर्षअखेरीस माझं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीतून गेलं. माझ्या मागनं आलेले दोघं कायम झाले. आप्पा माझ्या घरी पुन्हा कधी आले नाहीत. मीच मेंढरांच्या तळावर जातो. ते बोलतात, पण ‘तुमी’च म्हणतात.

आप्पांचं हे देणं मी फेडू शकत नाही. पण माझ्या वर्गात खेड्यातलं पोर वाचायला उभं राहिलं आणि त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं, तर हसणारा बाहेर जाईल. पोरगं असो, प्राध्यापक असो, प्राचार्य असो. त्यांनी मला काढून टाकलं, तर पुढच्या कॉलेजात जाऊन हेच करीन.